बांगडा वाचवायचा, मग पाटीवालीचे काय?

पातूरला समुद्र नाही. मग बांगड्याच्या प्रश्नाशी आपला काय संबंध? संबंध बाईच्या श्रमाचा आहे. मासा बहुतेक पुरुष पकडतो, विकते बाई. धोरणाला दिसतो तो फक्त पकडणारा.

बांगडा थव्याने फिरतो. पर्ससीन जाळे अख्खा थवाच वेढते, त्यात लहान-मोठा सगळा येतो. म्हणून ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशाने महाराष्ट्रात पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच ठेवली. २०२३ मध्ये १४ सेंटिमीटरहून लहान बांगडा पकडायला मनाई झाली. ही बंधने हवीतच. अंडी घालण्याआधीच मासा ओढला, तर उद्या पाटी रिकामी!

पण जाळे कोणते टाकायचे हे पाटीवाली ठरवत नाही. लिलावात मिळेल ते ती घेते. तेव्हा तपासणी बंदरात, बोटीवर करा. बाजारात बसलेल्या बाईला धरू नका. पावसाळी बंदीत तिचीही कमाई थांबते. मदतीच्या यादीत तिचे नाव घाला.

आपल्याकडे तलावांचे ठेके मच्छीमार सहकारी संस्था घेतात. त्यांत मासे विकणाऱ्या किती भोई बाया सभासद आहेत? मैत्रिणींनो, हा प्रश्न प्रत्येक गटाने आपल्या तालुक्यात विचारलाच पाहिजे.