चंद्रावरचे घड्याळ आणि घाटाचा प्रश्न

ओमेगाच्या ‘स्पीडमास्टर’ या चावीच्या क्रोनोग्राफच्या काचेवरून दर्दी मंडळींत जुना वाद आहे. एक पक्ष सहसा ओरखडा न पडणाऱ्या सफायर काचेचा. दुसरा हेसलाइट या पारदर्शक प्लॅस्टिकचा. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, १९६९ साली चंद्रावर गेले ते हेसलाइटच. ते तडकले तरी त्याच्या ठिकऱ्या उडत नाहीत. सबब मूळ घाटाला हात लावू नये.

हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. १९५७ साली हे घड्याळ आले ते मोटारशर्यतींच्या जगासाठी. वेग मोजण्याची टॅकीमीटरची पट्टी तबकडीवरून बाहेरच्या कड्यावर गेली, ती तबकडी चटकन वाचता यावी म्हणून. नासाने ते अंतराळवीरांसाठी पसंत केले १९६५ साली. म्हणजे घाट आधीचा, चंद्राचा आशय मागाहून आलेला. जात्यावरच्या ओवीनेही ज्ञानदेवांच्या हाती गीतेचे भाष्य पेललेच की!

आज पृथ्वीवरल्या मनगटावर हेसलाइटचे काम मुख्यतः स्मरणाचे आहे. त्यात गैर काही नाही. मात्र स्मरणाला उपयुक्ततेचे नाव दिले, की जिवंत घाटाचा निव्वळ संकेत होतो.