सूर्य थोडा खाली घ्या!

सध्या ब्लेंडर शिकतेय. २००२ पासून ओपन सोर्स, म्हणजे चक्क फुकट! पहिलं लॅण्डस्केप अर्थातच पुसदचं: पूस धरण, मागे डोंगर. आईला दाखवलं.

'छान आहे. पण हे कुठलं गं?'

झालं! चूक डोंगरांत नव्हती, उन्हात होती. सूर्य मे महिन्यातल्या दुपारसारखा थेट डोक्यावर, सावल्याच गायब. मग त्याला क्षितिजापासून १५ अंशांवर आणलं. बिंब खऱ्याइतकं, अर्ध्या अंशाचं ठेवलं; सावल्यांच्या कडा मऊ झाल्या. ऊन पिवळसर, सावल्यांत आकाशाचा निळा. डोंगरांवर धूसर हवा. जितका लांब, तितका फिका.

आई पुन्हा डोकावली. 'अगं, ही तर आपल्याकडची दिवाळीनंतरची संध्याकाळ!'

बस्स, रेंडर पास!