सल्ला कोणाचा, जबाबदारी कोणाची?

निवडणूक कोणी जिंकली हे निकालाच्या दिवशी सर्वांना कळते. ती कोणी जिंकून दिली हे मात्र मतदाराला बहुधा कळत नाही. उमेदवार, पक्ष, कार्यकर्ता आणि मतदार या चौघांच्या जोडीला गेल्या काही वर्षांत पाचवा घटक येऊन बसला आहे. तो म्हणजे मोबदला घेऊन सल्ला देणारा प्रचारतज्ज्ञ. शिवसेनेने २०१९ मध्ये प्रशांत किशोर यांच्या संस्थेची मदत घेतली. अजित पवार यांच्या राष्ट्रवादी काँग्रेसने २०२४ मध्ये गुलाबी रंग अंगीकारला, तोही व्यावसायिक सल्लागारांच्या योजनेनुसार. घोषणा कोणती द्यावी, नेत्याने कोणत्या रंगाचे जाकीट घालावे, कोणत्या गावी थांबावे आणि कोणता प्रश्न टाळावा, हे ठरविणाऱ्या या व्यक्तीचे नाव मतपत्रिकेवर नसते. तिची विद्या वाईट आहे, असे म्हणण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की, ती कोणाला उत्तरदायी आहे?

हा व्यवसाय आजचा नव्हे. अमेरिकेत क्लेम व्हिटेकर आणि लिओन बॅक्स्टर या दोघांनी १९३३ मध्ये कॅलिफोर्नियात अशा कामाची पहिली पेढी उघडली. दुसऱ्याच वर्षी कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर गव्हर्नरपदासाठी उभे राहिले, तेव्हा त्यांच्याच कादंबऱ्यांतील पात्रांच्या तोंडची वाक्ये त्यांची स्वतःची मते म्हणून मतदारांपुढे मांडण्यात आली आणि सिंक्लेअर पराभूत झाले. पुढे याच पेढीने डॉक्टरांच्या संघटनेचे काम स्वीकारले आणि राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या आरोग्य विम्याच्या योजनेविरुद्ध देशभर लोकमत तयार केले. निवडणूक जिंकून देण्याची कला आणि शासनाचा निर्णय फिरविण्याची कला या सख्ख्या बहिणी आहेत, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते. भारतात १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने जाहिरात संस्थेकडे प्रचाराचे काम सोपविले आणि त्या कलेने आपल्याकडेही घर केले.

मराठवाड्याला या कलेचा परिचय परक्याकडून झाला नाही. परभणी जिल्ह्याला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे प्रमोद महाजन वाढले आणि तेथेच काही वर्षे शाळेत शिक्षक होते. आणीबाणीत त्यांनी कारावास भोगला, पक्षाच्या संघटनेत ते एकेक पायरी चढत गेले आणि १९८६ मध्ये राज्यसभेवर पोहोचले. शिवसेना व भारतीय जनता पक्ष यांच्या १९८९ च्या युतीच्या शिल्पकारांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. लालकृष्ण अडवाणी यांच्या १९९० च्या रथयात्रेच्या आखणीतही त्यांचा मोठा वाटा होता. १९९८ मध्ये ते स्वतः लोकसभेला पराभूत झाले, तरी पंतप्रधान वाजपेयी यांनी त्यांना आपले राजकीय सल्लागार नेमले. स्वतःची जागा गमावलेला माणूस देशाच्या प्रमुखाचा सल्लागार होतो, यातच या कलेचे स्वरूप दिसून येते.

२००३ च्या अखेरीस राजस्थान, मध्य प्रदेश व छत्तीसगड या राज्यांत त्यांच्या पक्षाला यश लाभले. त्या भरात २००४ ची लोकसभा निवडणूक मुदतीपूर्वी घेण्यात आली. देश चकाकत असल्याचे सांगणाऱ्या जाहिरातींवर त्या वेळी मोठा भर दिला गेला. निकाल उलटा लागला. या प्रचाराची सूत्रे ज्यांच्या हाती होती त्या महाजनांनी पराभवाची जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली. त्यांच्या कार्यपद्धतीविषयी, उद्योगपतींशी असलेल्या त्यांच्या निकट संबंधांविषयी टीका होत असे आणि ती सर्वस्वी निराधार होती असेही म्हणता येणार नाही. परंतु ते पक्षाचे पदाधिकारी होते, संसदेचे सदस्य होते, मंत्री होते. त्यांना सभागृहात प्रश्न विचारता येत होता, पक्षाला त्यांच्याकडे खुलासा मागता येत होता आणि मतदाराला त्यांना पाडता येत होते. तसे मतदाराने पाडलेही होते. २००६ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. त्यानंतर सल्लागाराची जी पिढी आली, तिच्याशी तुलना करता हा भेद ठळकपणे जाणवतो.

प्रशांत किशोर यांची कारकीर्द या नव्या पिढीचा नमुना मानता येईल. २०१४ मध्ये नरेंद्र मोदी, २०१५ मध्ये मोदींचे विरोधक नितीशकुमार, २०१७ मध्ये पंजाब व उत्तर प्रदेशात काँग्रेस, २०१९ मध्ये आंध्रात जगनमोहन रेड्डी आणि २०२१ मध्ये ममता बॅनर्जी व द्रमुक, अशी त्यांच्या यजमानांची यादी आहे. वकिलाने आज एका पक्षाचे, उद्या दुसऱ्याचे वकीलपत्र घ्यावे, तसा हा प्रकार आहे. मात्र वकील न्यायालयात उघडपणे उभा राहतो, त्याच्या व्यवसायाला सनद असते आणि गैरवर्तन केल्यास ती रद्दही होऊ शकते. सल्लागाराला सनद नाही, शिस्त नाही आणि निकालानंतरचे दायित्वही नाही. किशोर यांनी अखेरीस स्वतःचा पक्ष काढला, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. त्या पक्षाला बिहारच्या २०२५ च्या विधानसभा निवडणुकीत एकही जागा मिळाली नाही. इतरांना सत्तेवर बसविण्याचे कौशल्य आणि लोकांचा स्वतःवरील विश्वास या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा त्यातून मिळतो.

आपला कायदा या नव्या घटकाकडे पाहतच नाही. लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपये अशी खर्चाची मर्यादा २०२२ पासून आहे. पक्षाच्या खर्चाला मात्र कोणतीच मर्यादा नाही. पक्ष निवडणूक आयोगाला हिशेब देतात. पण सल्लागाराचे काम निवडणूक जाहीर होण्यापूर्वी कित्येक महिने सुरू झालेले असते. निवडणूक रोख्यांची गुप्तता सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरविली, त्यामुळे पक्षाकडे पैसा कोठून आला याचा काही अंशी उलगडा झाला. तो पैसा कोणत्या सल्ल्यासाठी आणि कोणाला गेला, हे अद्याप अंधारातच राहते.

निवडणुकीनंतरची स्थिती याहून बिकट आहे. ज्याने सत्ता मिळवून दिली त्याला सत्तेचे दार उघडे असते. त्याच दाराने तो एखाद्या कंपनीची शिफारस घेऊन आत गेला, तर त्याची नोंद कोठेही होत नाही. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने अशा मध्यस्थांना नोंदणी करावी लागते आणि कामाचा व पैशाचा तपशील जाहीर करावा लागतो. वॉलमार्ट कंपनीने भारतीय बाजारपेठेत प्रवेशाच्या विषयावर आपल्या सरकारकडे वजन खर्च केले, हे भारतीयांना २०१२ मध्ये कळले ते अमेरिकेतील अशाच कागदपत्रांमुळे. त्यावर आपल्या सरकारला न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची चौकशी समिती नेमावी लागली. आपल्या देशाविषयी चाललेल्या खटपटी परक्या देशाच्या दप्तरातून कळाव्यात, ही नामुष्कीची गोष्ट होय.

सरकारकडे गाऱ्हाणे नेणे किंवा आग्रह धरणे यात स्वतः काही गैर नाही. मराठवाडा जनता विकास परिषदेच्या वतीने गोविंदभाई श्रॉफ यांनी आयुष्यभर हेच केले. परभणीवरून जाणारा मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग रुंद व्हावा, वैधानिक विकास मंडळ मिळावे, यासाठी त्यांनी निवेदने दिली, आंदोलने केली, आकडे मांडले. कालांतराने या दोन्ही गोष्टी पदरात पडल्या. गोविंदभाई कोणाच्या वतीने बोलतात हे सर्वांना ठाऊक होते, आणि त्यांची मागणी मंत्र्याच्या दालनात जी असे तीच चौकात असे. उघडपणा हीच लोकहिताच्या वकिलीची आणि दलालीची खरी सीमारेषा आहे.

परभणीकरांनी या प्रश्नाचा विचार विशेषत्वाने केला पाहिजे. १९९१ ते २०२४ या काळातील नऊ लोकसभा निवडणुकांपैकी १९९८ चा अपवाद वगळता येथे शिवसेनेचाच उमेदवार निवडून आला. २००४ मध्ये देशभर उलटा वारा असताना परभणीने युतीला साथ दिली. २०२४ मध्ये पक्ष दुभंगलेला होता, धनुष्यबाण जाऊन मशाल आली होती, समोर महायुतीच्या पाठबळावर महादेव जानकर उभे राहिले. तरीही संजय जाधव विजयी झाले. ही निष्ठा आदरणीय आहे. परंतु सल्लागाराच्या कोष्टकात अशा मतदारसंघाची नोंद ‘ठरलेला’ अशीच होणार, आणि ठरलेल्याकडे लक्ष कमी दिले जाते. वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. २०२४ ची निवडणूक आली तेव्हाही मराठवाड्याचे मंडळ अस्तित्वात नव्हते. अनुशेषाचा हिशेब मागणारे व्यासपीठ नाहीसे झाले, तरी मतांची बेरीज बदलली नाही. मग तो विषय प्रचारात घ्या, असे कोणता सल्लागार सांगेल?

यावर दोन उपाय तातडीने करण्याजोगे आहेत. पक्षांनी सल्लागार संस्थांना दिलेला मोबदला, वर्षभराच्या कामासह, निवडणूक आयोगापुढे स्वतंत्रपणे मांडावा, असे बंधन घालावे. शासनाकडे मोबदला घेऊन शिफारस करणाऱ्यांची नोंदणी कायद्याने सक्तीची करावी, आणि एखाद्या पक्षाच्या प्रचाराचे काम केलेल्याने त्या पक्षाच्या शासनाकडे ठराविक काळ शिफारस करू नये, अशी तरतूद त्यातच असावी. हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत जिल्ह्यातील शिक्षकांनी, कर्मचाऱ्यांनी व विद्यार्थ्यांनी प्रचाराला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला एक साधा प्रश्न विचारावा: हे भाषण आपणांस कोणी लिहून दिले, आणि त्यातील आश्वासनाचा जाब पाच वर्षांनी आम्ही कोणाकडे मागावा?