‘नॉव्हेल’, ‘रोमान’ आणि उसना भेद

‘रोमान्स’ मागे पडला आणि ‘नॉव्हेल’ जन्मली, हे मराठी समीक्षेने सार्वत्रिक मानलेले गृहीतक मुळात इंग्रजीपुरते आहे. लॅटिनऐवजी लोकभाषेत रचलेले ते ‘रोमान्झ’; या जुन्या फ्रेंच संज्ञेतून आलेला ‘रोमाँ’ हा शब्द मध्ययुगीन वीरकथेला आणि ‘मादाम बोव्हारी’ला (१८५७) सारखाच लागतो. जर्मन ‘रोमान’ही हा भेद करीत नाही. ‘नवी वार्ता’ सुचवणारी इटालियन ‘नोव्हेल्ला’ म्हणजे छोटी कथा. तिच्याच कुळातली इंग्रजी ‘नॉव्हेल’ मात्र वास्तववादाची सनद मिरवते. इयन वॉटने १९५७ मध्ये त्या सनदेला सिद्धान्ताचे बळ दिले. ‘मुक्तामाला’ (१८६१) अद्भुतरम्य म्हणून तिला दुय्यम ठरवणारी समीक्षा युरोपीय निकष लावीत नाही. ती इंग्रजी कोश लावते. बाणभट्टाच्या कथेवरून नाव घेतलेल्या ‘कादंबरी’ने इंग्रजीचा घरगुती भेद का शिरोधार्य मानावा?