घरातले मौन आणि उकिरड्यावरचे सोने

सोने चोराने नेले तर मनुष्य चोराला शिव्याशाप देऊन मन मोकळे करतो. परंतु घरच्याच माणसाने, घर स्वच्छ करण्याच्या सद्हेतूने, तेच सोने उकिरड्यावर नेऊन टाकले तर दोष द्यावा कोणाला? जुन्या पर्समध्ये ठेवलेले मंगळसूत्र घंटागाडीत जाते, लुगड्याच्या पदराला बांधलेल्या पुतळ्या बोहारणीच्या गाठोड्यात जातात, धान्याच्या डब्याच्या तळाशी दडविलेल्या पाटल्या डब्यासकट भंगारवाल्याच्या तराजूत चढतात. अशा वार्ता वाचून आपण क्षणभर हसतो आणि पान उलटतो. आमच्या मते या हसण्यावारी नेण्याच्या गोष्टी नव्हेत.

२०२० सालच्या दिवाळीतील पिंपरी-चिंचवडचीच गोष्ट घ्या. सणाच्या साफसफाईत एका गृहिणीने जुनी पर्स कचऱ्यात टाकली. तीत मंगळसूत्रासह सुमारे तीन लाख रुपयांचे दागिने होते. चूक ध्यानात आली तेव्हा गाडी निघून गेली होती आणि कचरा मोशीच्या डेपोत जाऊन पडला होता. महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे धाव घेतली गेली, एका सफाई कामगाराने तो ढिगारा उपसला आणि पर्स दागिन्यांसह परत मिळाली. पुढे जून २०२२ मध्ये मुंबईत गोरेगावला घरकाम करणाऱ्या एका स्त्रीने वडापावची पिशवी म्हणून जी पिशवी गरीब मुलांना दिली, तीत तिचे दहा तोळे सोने होते. घेणाऱ्यांनी पाव वाळलेला पाहून पिशवी कचऱ्यात टाकली आणि तेथून ती उंदरांनी गटारात ओढून नेली. दिंडोशी पोलिसांनी कॅमेऱ्यातील चित्रणावरून माग काढून ती परत मिळविली. या दोन्ही स्त्रिया भाग्यवान ठरल्या. ज्यांचे नशीब असे बलवत्तर नसते, त्यांच्या कथा वर्तमानपत्रापर्यंत येतच नाहीत.

आपल्या हिंगोली जिल्ह्याला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. वसमत आणि हिंगोलीच्या बाजारात हळद विकली जाते, तेव्हा शेतकऱ्याच्या हाती वर्षाचा पैसा एकदम येतो. त्यातला देणेकऱ्यांना देऊन उरलेला भाग पुष्कळदा सोन्याच्या रूपाने घरात येतो आणि घरातच राहतो. जुन्या माळवदाच्या घरांत बळद होते, पेव होते, देवळी होती, उतरंडीतले सर्वांत खालचे मडके होते. आज त्यांची जागा तांदळाच्या डब्याने, गादीने आणि पलंगाखालच्या ट्रंकेने घेतली आहे. जागा बदलल्या तरी वृत्ती बदललेली नाही.

ही वृत्ती केवळ अडाणीपणातून आलेली नाही, हे मात्र सांगितले पाहिजे. हा मुलूख १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. रझाकारांच्या धामधुमीत मराठवाड्यातल्या कित्येक कुटुंबांनी किडूकमिडूक जमिनीत पुरून सरहद्दीपलीकडचा रस्ता धरला. ज्याने पुरले तो परतला नाही, तर ठिकाण त्याच्याबरोबर गेले. पुढे निजामी हाली शिक्काही चलनातून गेला आणि मडक्यातले रुपये नुसत्या धातूच्या मोलाचे उरले. ज्या समाजाने राज्य बदलताना आणि नाणे बदलताना पाहिले, त्याने सोन्यावर व स्वतःच्या भिंतीवर विश्वास ठेवावा, यात नवल ते काय?

परंतु राज्यक्रांतीहूनही जवळचे एक कारण आहे, आणि ते आपण सहसा उच्चारीत नाही. घरात लपविणारा हात बहुतेक वेळा स्त्रीचा असतो. बाजारहाटातून वाचविलेले, माहेरून आलेले, मजुरीतून बाजूला काढलेले असे जे काही तिच्याजवळ असते ते ती लपविते, कारण उघड ठेवले तर ते तिचे राहील याची तिला खात्री नसते. कोणाचा नवरा दारूत उडवील, कोणाचा दीर उसने म्हणून नेईल, कोणाचा मुलगा हक्काने मागेल. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने हिंदू स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण स्वामिनी केले. स्वयंपाकघरातल्या डब्याला मात्र तो कायदा अजून ठाऊक नाही.

या गुप्ततेची किंमत किती क्रूर असू शकते, हे नोटबंदीने दाखविले. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि त्या बँकेत भरण्यास वर्षाखेरीपर्यंतची मुदत मिळाली. तामिळनाडूतील तिरुप्पूर जिल्ह्यात दोन वृद्ध बहिणींना ही वार्ता कळलीच नाही. उपचारांसाठी पैसा लागला तेव्हा, २०१९ मध्ये, त्यांनी आपली साठवण बाहेर काढली. ती ४६ हजार रुपयांची होती आणि सारी रद्द नोटांची होती. ती कोणी कचऱ्यात टाकली नव्हती, कोणी चोरलीही नव्हती; जपता जपताच ती कचरा झाली होती.

यावर शहाणी माणसे म्हणतील की मग बँकेत ठेवा. उपदेश योग्य आहे, पण अपुरा आहे. तेल अवीवमधील एका कन्येने २००९ साली आईला आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून तिची जुनी गादी फेकून नवी आणली. त्या जुन्या गादीत आईची जन्माची पुंजी होती, आणि ती सुमारे दहा लाख डॉलर सांगितली गेली. आई बँकांना विटली होती, हे खरे. पण तिने मुलीला एक शब्द सांगितला असता तरी गादी वाचली असती. उलटपक्षी, बँकेत ठेवूनही मौन पाळले तर काय होते? दहा वर्षे ज्यांना कोणी हात लावला नाही अशा ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होतात; त्या शोधता याव्यात म्हणून २०२३ साली ‘उद्गम’ नावाची सोय करावी लागली. ज्या पासबुकाची वारसाला वार्ता नाही, ते पासबुक आणि ती गादी यांत फरक तो काय? तात्पर्य, संपत्ती गमावते ती जागेच्या दोषाने नव्हे, घरातल्या मौनाने.

म्हणून आमचे सांगणे प्रथम पुरुषवर्गाला आहे. पत्नीच्या, आईच्या, सुनेच्या जवळ जे आहे ते तिचे आहे, हे घरात स्पष्ट शब्दांत बोलले जावे आणि अडचणीच्या दिवशीही पाळले जावे. मागितल्याशिवाय न घेण्याची आणि नकार मिळाल्यास न रुसण्याची सवय लागली, तर डब्याच्या तळाशी दडविण्याचे निम्मे कारण नाहीसे होईल. स्त्रियांना आमची विनंती अशी की स्वतःच्या नावाचे खाते स्वतःच्या हाती ठेवावे, त्यावर वारसाचे नाव नोंदवावे आणि दागदागिन्यांचे टिपण करून ते विश्वासाच्या एका तरी माणसाच्या कानी घालावे. तो माणूस नवराच असला पाहिजे असे नाही. बहीण, लेक किंवा मैत्रीणही चालेल. आणि तरुण पिढीने हे ध्यानात धरावे की वृद्धांच्या खोलीतली फाटकी गोधडी, तुटकी ट्रंक, जुनी पोथी यांतले काहीही त्यांना विचारल्यावाचून उंबरठ्याबाहेर जाता कामा नये. त्यांत सोने असेल वा नसेल. विचारण्यातला आदर तरी असेल.

एक शब्द सापडणाऱ्यांविषयी. १८७२ च्या करार कायद्याने दुसऱ्याची वस्तू सापडून ती ताब्यात घेणाऱ्यावर ठेव सांभाळणाऱ्याचीच जबाबदारी टाकली आहे. मोशीच्या त्या कामगाराला हे कलम पाठ होते म्हणून त्याने दागिने परत दिले, असे आम्हांस वाटत नाही. २०२५ साली दहा ग्रॅम सोन्याचा भाव लाखाच्या वर गेला. अशा काळात आपण टाकलेली घाण हाताने उपसणारा मनुष्य आपले सोने आपल्याला परत करतो. त्याच्या हातमोज्यांची, वेळेवर मिळणाऱ्या पगाराची आणि सन्मानाची आठवण नगरपालिकांना व नागरिकांना एरवीही राहावी.

लपविलेले धन पिढ्यांना तारते, असे आपले पूर्वज मानीत. त्यांच्या काळी भिंती जाड होत्या आणि माणसे एका घरात जन्म काढीत. आज घरे पाडली जातात, मुले पुण्या-मुंबईस जातात, खोल्या एका दिवसात रिकाम्या होतात. अशा काळात ज्या धनाविषयी घरात कोणी बोलत नाही, त्या धनाला मालक नसतो. त्याला फक्त लपविणारा असतो, आणि तो गेला की उरतो भंगारवाला. येत्या सणाची झाडलोट सुरू करण्यापूर्वी घरातल्या मंडळींनी एक संध्याकाळ एकत्र बसून बोलावे. बळदाला कुलूप नव्हते तरी चालत असे. मनाची कुलुपे मात्र आता उघडली पाहिजेत.