शिवलकरांचा खांदा आणि आपल्या मुलांची पाठ

पद्माकर शिवलकर ३ मार्च २०२५ रोजी गेले तेव्हा सगळीकडे एकच हळहळ ऐकू आली. १२४ प्रथमश्रेणी सामने, ५८९ बळी आणि कसोटी एकही नाही! बिशनसिंग बेदी त्याच काळात खेळत होते, त्याला कोण काय करणार? दादरच्या शिवाजी पार्कवर ही चर्चा अजून बरीच वर्षे चालेल.

डॉक्टर म्हणून मला कुतूहल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. त्यांचा पहिला प्रथमश्रेणी सामना १९६१-६२ च्या मोसमातला आणि शेवटचा १९८७-८८ मधला, वयाच्या ४७ व्या वर्षी. मधे खंड पडला हे खरे. पण त्या वयात फळीवरचा डबा काढतानाही आपला खांदा धरतो! १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासला त्यांनी तमिळनाडूचे १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले, ते ताकदीवर नव्हे, लयीवर.

मात्र ‘भरपूर गोलंदाजी करा, अंग घडते’ असे सांगणाऱ्यांनी शिवलकरांचा दाखला देऊ नये. ते फिरकी गोलंदाज. धाव थोडक्या पावलांची, शरीराला हिसका कमी. शिवाय टिकलेला एक आपल्याला दिसतो, सोळाव्या वर्षी पाठ धरून घरी बसलेले दिसत नाहीत.

वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो आणि त्याच क्षणी कंबर मागे झुकून पिळली जाते. वाढत्या वयात कमरेच्या मणक्याचा मागचा भाग पुरता पक्का झालेला नसतो. तिथे ताणाने बारीक तडा जातो. उजव्या हाताने टाकणाऱ्याला बहुधा डावीकडे दुखते. सुरुवातीला साध्या एक्स-रेत हा तडा अनेकदा दिसत नाही, एम.आर.आय.मध्ये दिसतो. मग ‘उसण भरली’ म्हणून तेल चोळत बसतात. काही पालक तर सामन्याआधी एखादी सुई द्या म्हणून येतात! मी साफ नकार देतो. वेळीच ओळखले तर काही महिन्यांच्या विश्रांतीने हाड बहुधा सांधते. दुखणे दाबून खेळवले तर तडा वाढतो.

अमेरिकेत बेसबॉलच्या लिटल लीगने २००७ पासून मुलांचे चेंडू मोजणे सक्तीचे केले. ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ८५. आपल्याकडे शाळा, क्लब, सुट्टीतले शिबिर आणि गल्लीतले सामने, प्रत्येक ठिकाणी कोणी मोजलेच तर आपल्यापुरते. बेरीज करणार कोण? ती घरच्यांनीच करावी. एक वही घालावी, रोजचे चेंडू लिहावेत, शेजारी कंबर दुखली का तेही. मागे वाकताना दुखत असेल तर त्याच दिवसापासून गोलंदाजी बंद, आणि आठवड्याभरात उतार नसेल तर ती वही घेऊन अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे.