जुनी रिळं : एका सर्वनामाची गोष्ट



गेल्या शनिवारी बाहेर पाऊस आणि घरात कंटाळलेली सात वर्षांची लेक. सध्या तिला टॅप डान्सचं वेड आहे, म्हणून १९३३ सालची एक छोटी फिल्म लावली, ‘रूफस जोन्स फॉर प्रेसिडेंट’. वॉर्नर ब्रदर्सच्या व्हिटाफोन मालिकेतली, जेमतेम २१ मिनिटांची. त्या काळी मुख्य चित्रपटाआधी अशा गाणी, नाच आणि विनोदाच्या छोट्या फिल्म्स दाखवत.

गोष्ट साधी. एक आई रडणाऱ्या मुलाची समजूत घालते, की इथे जन्मलेला कुणीही राष्ट्राध्यक्ष होऊ शकतो. मग स्वप्न सुरू. पोरगा निवडून येतो, सिनेट काळ्या सभासदांनी भरते. आई झाली आहे एथेल वॉटर्स, आणि मुलगा सात वर्षांचा सॅमी डेव्हिस ज्युनियर! तो नाचायला लागला तशी आमची लेक सोफ्यावरून उतरून पाय आपटायला लागली.

पण मधले विनोद बघून माझा हात रिमोटकडे गेला. मतामागे दोन पोर्क चॉप्सचं आमिष, सिनेटच्या दारात ‘वस्तरे इथे जमा करा’ची पाटी. काळा माणूस म्हणजे खादाड, जुगारी, भांडखोर, हे ठरलेलंच. दक्षिणेतल्या राज्यांत तेव्हा मतदान कर आणि साक्षरता चाचण्या लावून बहुतेक काळ्या नागरिकांना मतदानापासून दूर ठेवलं जात होतं. त्याला खरा चाप बसला १९६५च्या मतदान हक्क कायद्याने. म्हणजे ज्याला मत देऊ देत नव्हते, तोच मत विकतो म्हणून हसायचं!

मग हे सगळं कचऱ्यात टाकायचं का? मला तसं वाटत नाही. मोठ्या चित्रपटांत काळ्या कलाकारांच्या वाट्याला बहुतेक मोलकरीण नाहीतर नोकर यायचा. त्यांना मध्यभागी उभं राहायला जागा मिळाली ती बऱ्याचदा या छोट्या फिल्म्समध्येच. बेसी स्मिथ पडद्यावर दिसते ती फक्त १९२९च्या ‘सेंट लुईस ब्लूज’मध्ये. ती फिल्म नसती तर आपल्याकडे तिचा फक्त आवाज उरला असता.

आणि खरी गंमत एथेल वॉटर्सची. ती यात ‘अंडरनीथ द हार्लेम मून’ गाते. मूळ गाणं गोऱ्या गीतकारांचं, काळ्या लोकांकडे लांबून बघून लिहिलेलं : ‘ते’ असे, ‘ते’ तसे. हिने ‘ते’च्या जागी ‘आम्ही’ घातलं, हिणवणारा शब्द बदलला आणि वर आपल्या ओळी जोडल्या. चाल तीच, सेट तोच, पण आता बोलणारी माणसं वेगळी. पटकथा तिच्या हातात नव्हती. सर्वनाम होतं, तेवढं तिने बदललं.

आपल्यालाही हे ओळखीचं आहे. ‘द सिम्पसन्स’मधला अपू १९९० पासून आपला म्हणून ओळखला गेला, पण आवाज होता हँक अझारियाचा. २०२० मध्ये त्याने तो आवाज सोडला. तीस वर्षं अपूला ‘आम्ही’ म्हणायची सोयच नव्हती.

असो. मी फिल्म बंद केली नाही. मध्ये थांबवून लेकीला सांगितलं, की हे विनोद खोटे आहेत आणि नाच खरा आहे. तिने विचारलं, “इथे जन्मलेलं कुणीही म्हणजे मी पण?” म्हटलं, हो. २००८ साली ओबामा निवडून आले तेव्हा एकाचं स्वप्न खरं झालंच होतं. “आणि बाबा, तू?” म्हटलं, मी नाही, मी तिकडे जन्मलो. थोडा विचार करून म्हणाली, “मग मी झाले की आपण दोघं जाऊ.”

‘मी’ वरून ‘आपण’. हिला तर शिकवायचीही गरज पडली नाही :-)

तुमच्या घरी असं काही लावलंत तर बंद करता, की थांबवून बोलता? जरूर लिहा.